तलवार नाही, लेखणी चालवायची! निन्टेन्डो डीएसवरचा 'ड्रॅगन स्वोर्ड' नेमका काय आहे आणि त्यात संस्कृत अक्षरं का गिरवावी लागतात?

अ‍ॅक्शन गेम म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती बटणं. एक बटण उडीचं, एक वाराचं, एक बचावाचं. बोटं जेवढी चपळ तेवढा खेळाडू तरबेज. पण मार्च २००८ मध्ये एक असा गेम आला ज्यात ही सगळी बटणं जवळपास बाजूलाच ठेवली होती. तलवार चालवायची ती लेखणीने. पळायचं, उडी मारायची, बाण सोडायचा, सगळं लेखणीने. आणि सगळ्यात मोठी जादू करायची असेल तर पडद्यावर चक्क एक संस्कृत अक्षर गिरवायचं!

या गेमचं नाव 'निन्जा गायडेन: ड्रॅगन स्वोर्ड'. तो निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी बनला होता. आज मोबाईलवर बोट फिरवून गेम खेळणं इतकं अंगवळणी पडलंय की यात विशेष काय, असं वाटेल. पण लेखणी आणि बोट यांत मोठा फरक आहे. तो फरक आंधळगावच्या हातमागापासून जपानच्या मंदिरांपर्यंत कुठे कुठे दिसतो, ते समजून घेऊया.

निन्टेन्डो डीएस म्हणजे काय?

निन्टेन्डो या जपानी कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये हा कन्सोल अमेरिकेत आणि पुढच्याच महिन्यात जपानमध्ये आणला. तो डबीसारखा उघडायचा. आत एकाऐवजी दोन पडदे, एक वर आणि एक खाली. खालचा पडदा टचस्क्रीन. सोबत प्लॅस्टिकची एक बारीक लेखणी यायची, तिला स्टायलस म्हणतात. कन्सोलमध्येच तिच्यासाठी खाच होती, काम झालं की लेखणी त्यात सरकवून ठेवायची.

सुरुवातीला अनेकांनी या प्रकाराला हसून घेतलं. दोन पडदे कशाला? लेखणी हवीच कुणाला? पण पुढे या कन्सोलची आणि त्याच्या सुधारित आवृत्त्यांची मिळून १५ कोटी ४० लाखांहून जास्त विक्री झाली. फक्त हातात धरूनच खेळायच्या कन्सोलमध्ये एवढा खप आजवर दुसऱ्या कुणाचाच झालेला नाही.

भारतात मात्र निन्टेन्डोचं प्रस्थ कधी फारसं नव्हतं. आपल्याकडे आधी टीव्हीला जोडायचा, मारिओ आणि कॉन्ट्रावाला 'व्हिडिओ गेम' आला, मग सायबर कॅफे आणि त्यानंतर थेट मोबाईल. त्यामुळे लेखणीने खेळायच्या गेमची एक अख्खी पिढी आपल्या नजरेआडच राहिली.

गेम सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय घडतं?

पहिला धक्का बसतो तो कन्सोल धरण्याच्या पद्धतीचा. 'ड्रॅगन स्वोर्ड' खेळताना डीएस आडवा नाही, तर पुस्तकासारखा उभा उघडून धरायचा असतो. उजव्या हाताच्या माणसासाठी डाव्या पानावर नकाशा आणि उजव्या पानावर लढाई. डावखुऱ्यांसाठी हीच मांडणी उलटी करायची सोय आहे. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात लेखणी. गेम खेळायची नव्हे, गृहपाठ करायची बैठक म्हणा ना!

सुरुवातीला खेळाडूच्या हाती येते ती मोमिजी नावाची तरुण निन्जा. तिच्यासोबत लेखणी कशी चालवायची ते शिकून होतं. मग तिचं अपहरण होतं आणि मालिकेचा नायक र्‍यू हायाबुसा तिच्या शोधात निघतो. गोष्ट साधी आहे. २००४ मध्ये एक्सबॉक्सवर आलेल्या 'निन्जा गायडेन'नंतर सहा महिन्यांनी ती सुरू होते.

आता लेखणीचे डाव पाहा :

• पडद्यावर लेखणी टेकवून धरली की र्‍यू त्या दिशेला पळतो.
• शत्रूच्या अंगावरून रेघ ओढली की तलवारीचा वार.
• खालून वर रेघ ओढली की उडी. हवेत असताना पुन्हा तशीच रेघ ओढली की दुसरी उडी.
• लांबच्या शत्रूवर नुसता ठिपका दिला की त्याच्याकडे शस्त्र भिरकावलं जातं.
• बचाव मात्र बटणाने. कोणतंही बटण दाबा, र्‍यू तलवार आडवी धरतो.

शेवटचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. लेखणी हल्ल्यासाठी, दुसरा हात बचावासाठी. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल, अशीच ही वाटणी आहे. आणि कोणतंही बटण चालत असल्यामुळे घाईत चुकीचं बटण दाबायची भीतीच उरत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात खेळाडूला जाणवतं ते हे की 'कोणतं बटण कशाचं' हा विचारच करावा लागत नाही. डोळा शत्रूवर, हात शत्रूवर. वार जिथे व्हायला हवा तिथूनच रेघ जाते.

हा गेम कुणी बनवला?

'निन्जा गायडेन' हे नाव १९८८ पासूनचं, टेकमो या जपानी कंपनीचं. २००४ मध्ये टीम निन्जा या टेकमोच्याच चमूने ही मालिका नव्या रूपात आणली. चमूचे प्रमुख होते तोमोनोबु इतागाकी. एक्सबॉक्सवरचा तो गेम अवघडपणासाठी इतका गाजला की तो पूर्ण करणं ही फुशारकी मारायची गोष्ट झाली.

असा गेम तीन इंची पडद्यावर आणायचा, तोही लेखणीवर, म्हणजे धाडसच होतं. डीएसची ताकद कमी होती. त्यामुळे चमूने मागची दृश्यं आधीच चितारून ठेवली आणि त्यावर फक्त माणसं त्रिमितीय हलती ठेवली. यामुळे गावं, गुहा, बर्फाचे डोंगर हे सगळं त्या छोट्या पडद्यावरही देखणं दिसतं.

संस्कृत अक्षरं इथे आली कुठून?

या गेममध्ये निन्जाच्या गूढविद्येला 'निन्पो' म्हणतात. ती वापरायची असेल तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर टेकवायचं. लढाईवर एक मोठं पोकळ अक्षर उमटतं. वेळ संपायच्या आत लेखणीने ते भरून काढायचं. भरलं की विद्या सुटते. मराठीत या कृतीसाठी नेमका शब्द आहे : गिरवणं. पहिलीतलं मूल पाटीवर 'ग' गिरवतं, तसंच.

जपानी निन्जाच्या हाती संस्कृत अक्षर ही गेम बनवणाऱ्यांची मनमानी नाही. त्यामागे बाराशे वर्षांचा इतिहास आहे.

जपानी बौद्ध भिक्षू कूकाई ८०४ मध्ये चीनला गेले आणि ८०६ मध्ये परतले. येताना त्यांनी मंत्रयान परंपरेचे ग्रंथ आणले. त्यातले मंत्र संस्कृतमध्ये होते आणि लिपी होती 'सिद्धम्'. कूकाईंनी स्थापन केलेल्या शिंगोन पंथात ही अक्षरं आजही पवित्र मानली जातात. जपानीत त्यांना 'बोन्जी' म्हणतात, म्हणजे ब्रह्माक्षरं. एकेक अक्षर म्हणजे एकेका देवतेचं बीज. समाधीजवळ उभारायच्या लाकडी फळ्यांवर, दगडी स्तंभांवर ती दिसतात. फक्त 'अ' या अक्षरावर चित्त एकाग्र करायची ध्यानपद्धतही शिंगोन पंथात आहे.

भारतात सिद्धम् लिपी केव्हाच वापरातून गेली. पण ती आपल्या देवनागरीची चुलत बहीणच. दोघींची मुळं ब्राह्मी लिपीत आणि तिच्या गुप्तकाळातल्या रूपात आहेत.

'ओनामा' आणि सिद्धम् यांचं नातं काय?

एखाद्या गोष्टीची सुरुवात झाली की मराठीत 'ओनामा झाला' असंही म्हणतात. हा शब्द आला 'ॐ नमः सिद्धम्' या वाक्यातून. पूर्वी अक्षरओळख सुरू करताना मुलांकडून हे वाक्य म्हणवून घ्यायचे. बोलता बोलता त्याचं 'ओ ना मा सी धं' झालं आणि पुढे नुसतं 'ओनामा' उरलं. सिद्धम् लिपीला तिचं नाव मिळालं तेही याच प्रथेवरून, असं सांगितलं जातं. अक्षरांच्या तक्त्याच्या माथ्यावर 'सिद्धम्' लिहायचे, त्यावरून लिपीचंच नाव पडलं. म्हणजे मराठीतला 'ओनामा' आणि जपानमधली 'शित्तान' विद्या एकाच शब्दाची दोन टोकं आहेत.

जपानी बाराखडीचा क्रमही याची साक्ष देतो. त्यांचे स्वर आहेत आ, इ, उ, ए, ओ. पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. आपला क्रम आठवा : क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य, र, ल, व. जपानीतला 'ह' एकेकाळी 'प'सारखा उच्चारला जायचा आणि 'स' आपल्या 'च'च्या जवळचा होता, असं भाषा अभ्यासक मानतात. तो हिशेब धरला की दोन्ही क्रम जवळपास जुळतात. संस्कृत वर्णमाला शिकलेल्या भिक्षूंकडूनच ही मांडणी जपानमध्ये रुजली.

आपल्याकडच्या जुन्या शाळांत पंतोजी मुलांना धूळपाटी द्यायचे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने त्यात अक्षर काढायचं. चुकलं तर हात फिरवून पुन्हा नवी पाटी. डीएसचा पडदा आणि लेखणी म्हणजे धूळपाटीचं इलेक्ट्रॉनिक भावंडच म्हणायचं.

मोबाईलच्या टचस्क्रीनपेक्षा हा पडदा वेगळा कसा?

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ओल्या हाताने मोबाईल उचलला की तो नीट चालत नाही, हा भंडारा जिल्ह्यातल्या कुणालाही ठाऊक असलेला अनुभव. कारण मोबाईलचा पडदा बोटाचा दाब मोजत नाही. बोट जवळ आलं की पडद्यावरच्या विद्युतक्षेत्रात बदल होतो आणि फोन तो ओळखतो. पाण्यामुळेही तसाच बदल होतो आणि फोनचा गोंधळ उडतो. याच कारणामुळे साधी काडी किंवा नख फिरवलं तर मोबाईल दाद देत नाही.

डीएसचा पडदा दाबावर चालायचा. त्यात दोन थर असतात, वरचा लवचिक आणि खालचा कडक. मधे अगदी बारीक फट. लेखणी टेकवली की त्या ठिकाणी दोन्ही थर एकमेकांना भिडतात. कुठे भिडले ते विजेच्या दाबावरून मोजलं जातं. त्यामुळे लेखणी, नख, पेन्सिलची मागची बाजू, काहीही चालतं. आणि बारीक टोक असेल तर नेमकेपणाही जास्त मिळतो.

या पडद्याला मर्यादाही होत्या. एका वेळी एकच स्पर्श ओळखायचा. दोन बोटांनी चित्र मोठं करणं वगैरे शक्य नव्हतं. शिवाय लेखणी सतत घासून पडद्यावर ओरखडे यायचे.

जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला तेव्हा त्यांनी स्टायलसची जाहीर खिल्ली उडवली होती. देवाने दिलेलं बोट असताना लेखणी कशाला, असा त्यांचा रोख होता. पुढे जगाने बोटच निवडलं. पण बोट जाड असतं आणि ज्यावर नेम धरायचा तेच ते झाकून टाकतं. मोबाईलवर बारीक अक्षराच्या लिंकवर नेमकं टेकवताना होणारी चिडचिड त्यातूनच येते.

आंधळगावच्या हातमागावर हेच तत्त्व कसं दिसतं?

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव ओळखलं जातं ते कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या विणकामासाठी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागातल्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. हे काम परंपरेने ढिवर समाज करत आला आहे. त्या कोशांचा धागा काढून हातमागावर कापड विणलं जातं.

विदर्भातल्या कोसा साडीची ओळख म्हणजे करवतीच्या दातांसारखी तिची किनार, करवत काटी. त्या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ही किनार छापलेली नसते. विणताना तीन धोटे वापरतात. दोन धोटे दोन्ही काठांच्या रंगाचे, एक मधल्या अंगाचा. प्रत्येक ओळीत काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवला जातो आणि त्या गाठीतून करवतीचे दात तयार होतात. एक अडकवणी चुकली की दात तुटलेला दिसतो.

इथे कौशल्य नुसत्या बोटात नसतं, बोटाने धरलेल्या साधनात उतरलेलं असतं. विणकराला धोटा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो याचा वेगळा विचार करावा लागत नाही. सुताराची पटाशी, सोनाराचा चिमटा, शाळकरी मुलाची पेन्सिल, सगळीकडे तेच. 'ड्रॅगन स्वोर्ड'मध्ये पहिल्या तासात खेळाडूला जे वेगळं वाटतं ते हेच : लेखणी थोड्याच वेळात विसरायला होते आणि उरते ती तलवार.

मग गेममध्ये उणिवा नाहीत का?

आहेत. त्या काळच्या समीक्षकांनी गेमची स्तुती केली, पण काही तक्रारीही केल्या. एक, तो काही तासांतच संपतो. दोन, एक्सबॉक्सच्या भावंडाच्या तुलनेत तो बराच सोपा आहे. तीन, साध्या शत्रूंसमोर विचार न करता पडद्यावर नुसत्या रेघोट्या मारल्या तरी काम भागतं. आणि चौथी अडचण हाताचीच : लढाई रंगली की लेखणी धरलेला हात स्वतःच पडद्याचा काही भाग झाकतो.

लेखणीचा प्रयोग करणारा हा एकटाच गेम नव्हता. इतरांचे अनुभवही बोलके आहेत :

• 'कॅसलव्हेनिया: डॉन ऑफ सॉरो' (२००५) : मोठ्या शत्रूला संपवताना शेवटी लेखणीने एक मुद्रा काढावी लागायची. चुकली की शत्रूला पुन्हा बळ मिळायचं. उरलेला गेम बटणांचा, त्यामुळे ऐन वेळी लेखणी शोधायची धांदल अनेकांना आवडली नाही.
• 'झेल्डा: फॅन्टम अवरग्लास' (२००७) : चालणं, लढणं सगळं लेखणीने. शिवाय नकाशावर स्वतःच्या हाताने टिपणं लिहायची सोय.
• 'किड इकारस: अपरायझिंग' (२०१२, थ्रीडीएस) : एका हाताने कन्सोल पेलायचा, दुसऱ्याने लेखणी. हात दुखल्याच्या तक्रारी आल्या. खोक्यात कन्सोल ठेवायला स्टँडही दिलेला होता.

यातून एक गोष्ट लक्षात येते. लेखणी अधूनमधून तोंडी लावायला घेतली की ती अडचण होते. पूर्ण गेम तिच्याभोवती बांधला तर ती हातात बसते.

हा गेम आज खेळता येतो का?

खरी अडचण इथे आहे. 'निन्जा गायडेन' मालिका बंद पडलेली नाही. २०२१ मध्ये तिच्या तीन गेमचा एकत्र संच आला आणि २०२५ मध्ये 'निन्जा गायडेन ४' आला. पण २०२१ च्या संचात 'ड्रॅगन स्वोर्ड' नव्हता. कारण उघड आहे. टीव्ही आणि गेमपॅडवर तो चालवायचा तर लेखणी काढून टाकावी लागेल, आणि लेखणी काढली की गेमच उरत नाही.

जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढता येते, जुना सिनेमा नव्या पडद्यावर दाखवता येतो. पण ज्या वस्तूचा अर्थच एका साधनाशी जोडलेला आहे ती साधनासोबतच मागे पडते. दाबावर चालणारा पडदा असलेला निन्टेन्डोचा शेवटचा हातातला कन्सोल म्हणजे थ्रीडीएस. त्याचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. आता जे आहेत तेवढेच. दरवर्षी काही पडदे खराब होणार आणि हा गेम मूळ रूपात खेळता येणारी ठिकाणं कमी होत जाणार. करवत काटीची साडी संग्रहालयात ठेवता येते, पण तीन धोटे चालवणारा हात नसेल तर दुसरी साडी विणता येत नाही. गेमच्या बाबतीतही हिशेब तोच आहे.

खेळून पाहायचाच असेल तर काय लक्षात ठेवायचं?

• गेमचं मूळ कार्ट्रिज आणि डीएस किंवा थ्रीडीएस घराण्यातला कन्सोल लागेल. डीएसच्या कार्ट्रिजला देशाचं बंधन नाही, त्यामुळे जपानी किंवा अमेरिकी कार्ट्रिजही चालतं.
• जुना कन्सोल घेताना पडद्याच्या चारही कोपऱ्यांत लेखणी टेकवून पाहा. रेघ जिथे ओढली तिथेच उमटते का ते तपासा.
• डीएस लाइट घेत असाल तर बिजागरी बघा. तिथे तडा जाणं हे या मॉडेलचं नेहमीचं दुखणं आहे.
• बनावट कार्ट्रिज बाजारात खूप आहेत. किंमत फारच कमी असेल तर सावध राहा.
• मूळ लेखणी हरवली असेल तर बोथट टोकाची कोणतीही प्लॅस्टिकची काडी चालेल. पेन किंवा धातूची टोकदार वस्तू मात्र पडद्यावर अजिबात फिरवू नका.

आणि र्‍यूची पहिली निन्पो वापरायची वेळ येईल तेव्हा घाई करू नका. वेळ मोजका असतो, पण मराठी शाळेत शिकलेल्या हाताला गिरवण्याची सवय आधीपासूनच आहे.